टाचेवरची मुंगी

मुंगीने उजवा बूट काढला आणि टाच वर करून दाखवली. कातडी सोलवटली होती.

"मागच्या वेळीच सांगितलं होतं," ती म्हणाली.

सांगितलं होतं, खरंच. मुंगी नऊ वर्षांची. तिचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड, म्हणून तिचे बूट या छोट्या कारखान्यातच बनत. तुरुतुरु चालते म्हणून वडिलांनीच तिचं नाव मुंगी ठेवलेलं. पण बुटांशी तिचं पहिल्यापासून वाकडं. जुना जोड ती शाळेत, शेजारी, कुठेही 'विसरून' यायची. त्यामुळे नवे बूट टोचतात म्हटल्यावर वडील म्हणाले होते, "झाली हिची नाटकं सुरू." आणि नोंदी ठेवणारी ताई हसून म्हणाली होती, "नवे बूट चावतातच गं. थोडा कापूस घाल."

आज ताईला त्या टाचेकडे बघवेना.

आतून काका आले. बूट बनवायचे ते काकांनीच. त्यांच्या खोलीत भिंतभर लाकडी साचे टांगलेले होते, प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पायाबरहुकूम एक जोडी. मूल वाढलं की काका त्याच साच्यावर चामड्याचे तुकडे चिकटवून तो वाढवत. प्रत्येक साच्यावर तापल्या सळईने नंबर डागलेला. ताई चिठ्ठी लिहून देई, त्यावर नाव, तळाची उंची आणि नंबर. काका नंबर बघून साचा काढत.

काकांनी चिठ्ठी चष्म्याजवळ धरली. "एक्केचाळीस." मग आत जाऊन भिंतीवरून साचा आणला आणि बुटात बसवून पाहिला. अगदी चपखल बसला. "साचा तर बरोबर आहे. म्हणजे चुकलो मीच. चामडं ओढताना हात हलला असेल."

"चालायचंच काका," मुंगीचे वडील म्हणाले. ते बेकरीत कामाला होते. बाहीला अजून पीठ लागलेलं होतं. "वय झालं की होतं."

"हो ना," काका म्हणाले. त्यांनी आपले दोन्ही पंजे उलटेपालटे करून पाहिले. "मोठ्यांचं एक वेळ चालेल. लहान पोरांचे बूट मी आता घेऊ नयेत."

मुंगी साचा हातात घेऊन वळवून बघत होती. "हा माझा पाय नाहीच. माझ्या साच्याच्या टाचेवर मी पेन्सिलने मुंगी काढलीय."

"पुरे आता," वडील म्हणाले.

ताई आपल्या टेबलाशी गेली आणि संगणकावर जुना तक्ता उघडला. मुंगीच्या नावापुढे त्रेसष्ट होता. नव्या डेटाबेसमध्ये एक्केचाळीस.

तो डेटाबेस तिनेच महिन्याभरापूर्वी केला होता, मोठ्या हौसेने. जुना तक्ता आयात करताना प्रोग्रॅमने विचारलं होतं, प्रायमरी की मी लावू, तुम्ही निवडता, का नकोच? प्रायमरी की म्हणजे ज्यावरून एक नोंद दुसरीपासून वेगळी ओळखायची ती खूण. पहिल्या पर्यायावर टिंब आधीच होतं. तिने ते तसंच ठेवलं. त्याआधी जुन्या नंबरांचा रकाना तिने वगळूनही टाकला होता. म्हटलं, दोन दोन नंबर कशाला? तक्ता नावांप्रमाणे लावलेला होता. प्रोग्रॅमने बिचाऱ्याने वरून खाली एक, दोन, तीन असे नवे नंबर देऊन टाकले. भिंतीवरच्या साच्यांना त्याचा पत्ताच नव्हता.

काकांच्या खोलीत कोणी नव्हतं. तिने भिंतीवरून त्रेसष्ट नंबर काढला. टाचेवर पुसट मुंगी होती. सहा पाय, दोन लांब मिशा.

आत्ता चिठ्ठी बदलली तर कोणाला कळणार होतं? बूट नवे होतील, काका आपल्या हातांना दोष देत बसतील, वडील मान डोलावतील. असा विचार तिच्या मनात आला. येऊन गेलाही नाही. काही क्षण तिथेच बसून राहिला.

साचा घेऊन ती बाहेर आली.

"काका, तुमचा हात चुकलेला नाही. नंबर मी चुकवला."

वडील तिच्याकडे वळले. "म्हणजे ही खरं सांगत होती?"

"पहिल्या दिवसापासून."

काकांनी आतल्या खोलीकडे पाहिलं. "अगं पोरी, आणखी पाच जणांचं चामडं कापून ठेवलंय मी."

"ते शिवू नका. सगळं परत तपासते."

मुंगीने आपला साचा छातीशी धरला होता. "नंबर कसा चुकतो?"

ताईने तिला शेजारी बसवलं. "तुमच्या वर्गात एकाच नावाच्या दोन मुली आहेत ना? बाई त्यांना कशा ओळखतात?"

"हजेरीच्या नंबरावरून."

"आणि कोणी येऊन एका रात्रीत सगळ्यांचे नंबर बदलले, पण वह्यांवर जुनेच राहिले तर?"

"माझी वही दुसरीला मिळेल." तिने साच्यावरच्या नंबरावरून बोट फिरवलं. "तू बदललेस?"

"मी बदलू दिले. मला विचारलं होतं, मी नीट वाचलं नाही."

मग तिच्यासमोरच ताईने आयात पुन्हा केली. या वेळी रकाना वगळला नाही, प्रायमरी की म्हणून साच्याचाच नंबर निवडला. प्रोग्रॅम अडून बसला: एक नंबर दोनदा आलाय.

"काका, अठरा नंबर दोघांना दिलाय तुम्ही."

"तो पहिला मोठा झाला, गाव सोडून गेला. रिकामा नंबर वाया कशाला घालवायचा?"

"म्हणजे नंबरांचा घोळ करणारी मी एकटीच नाही," ताई म्हणाली. काका हसले. तिला मात्र हसू आलं नाही. गाव सोडून गेलेल्याची नोंद तिने बाजूला काढली, तेव्हा कुठे आयात पुरी झाली.

नवे बूट तयार झाले तेव्हा वडील मुंगीला उचलून घेऊन आले. "मीही नाटकं म्हणालो होतो," ते ताईला म्हणाले. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

ताईने खाली बसून स्वतः नाडी बांधली. मुंगी खोलीत एक फेरी मारून आली.

"चावतात?" ताईने विचारलं.

"नवे बूट चावतातच," मुंगी म्हणाली. ताईने वर पाहिलं. मुंगीने तिच्या तोंडाकडे नीट पाहून घेतलं, मग म्हणाली, "नाही चावत. पण चावले तर मी परत येणार. तेव्हा आधी बूट काढून बघायचा, मग बोलायचं."

"आधी बघेन," ताई म्हणाली.