मऊ चाबकाचे वळ

मित्रांनो, मला पाहून मागे सरू नका. मी चाबूक असलो तरी सुताचा आहे आणि माझ्या फटक्याने माशीही मरायची नाही. मेक्सिकोतल्या सान एलाद्यो गावच्या चर्चमध्ये, मेणबत्त्यांच्या पेटीमागे एका खुंटीवर मी आता टांगलेला असतो.

दोर वळणाऱ्या त्रान्सितोबाबांनी मला नऊ पदरांत विणले. दर गुड फ्रायडेला गावकरी येशूच्या अखेरच्या दिवसाचे नाटक रस्त्यावर करतात, त्यासाठी माझा जन्म झाला. आदल्या रात्रभर मला लाल अंबाडीच्या फुलांच्या पाण्यात भिजवत. मग शिपायाने येशूला फटका मारला की पाठीवर रक्तासारखा ओघळ दिसे आणि बायका शालीने डोळे टिपत.

मला चालवायचा बुल्मारो, गावचा खाटीक. आडदांड, जाड मानेचा आणि मनाने लोणी. आयुष्यात एकदा तरी आपण येशू व्हावे अशी त्याची फार इच्छा होती. पण दरवर्षी नाटकातली कामे वाटणारे पंच त्याच्या मिशांकडे बघून म्हणत, "बुल्मारो, तू आपला शिपाईच बरा." तो हसून मला उचलत असे. मला त्याचे वाईट वाटे.

ही गोष्ट घडली त्या वर्षी येशूच्या कामासाठी निकानोर सुताराची निवड झाली. तो बुल्मारोचा मेव्हणा. निकानोरची मुलगी आंपारो मोठ्या तापातून वाचली होती, म्हणून त्याने नवस बोलला होता. येशूचे काम करीन, आणि पहाटेपासून क्रूसावरून उतरवेपर्यंत नाटकातल्या वाक्यांखेरीज तोंडातून शब्द काढणार नाही.

तालमीत माझे टोक चुकून त्याच्या दंडाला लागले. मला हातात घेऊन पाणी प्यायला वळलेल्या बुल्मारोला ते दिसलेच नाही. बघता बघता दंडावर लाल रेघ उठली आणि सुतळीएवढी फुगली. निकानोरने झटकन बाही ओढली. त्याची आई एर्लिंदा ओले फडके घेऊन धावत आली.

"अरे, सांग की त्यांना! लहानपणापासून अंगच असं तुझं. नख लागलं की वळ, शर्टाची शिवण घासली की वळ."

"पंच म्हणतील, रोगट माणूस येशू कसा? माझा नवस राहून जाईल, आई. आणि अर्ध्या तासात जातंच की ते."

"आणि गुड फ्रायडेला?"

"लाल पाण्यात कुणाला दिसणार?"

त्याचा हिशेब चुकला, मित्रांनो.

गुड फ्रायडेला ऊन मी म्हणत होते. बुल्मारो नेहमीसारखाच मला हळुवार टेकवत होता. सातव्या फटक्यापर्यंत निकानोरची पाठ बोटाबोटाएवढ्या वळांनी भरून गेली. लाल पाणी ओघळून खाली गेले, वळ मात्र तसेच उभे राहिले.

"अगं बाई, खरंच मारतोय हा मेला!" अंडी विकणारी कांदेलारिया किंचाळली.

"येशू होता आलं नाही ना, म्हणून जळतोय!" मागून कुणीतरी ओरडले.

बुल्मारोने ती पाठ पाहिली आणि मी त्याच्या हातून गळून पडलो. "मी जोरात नाही मारलं हो! आईशप्पथ नाही मारलं!"

एर्लिंदा दोन्ही हात पसरून त्याच्यासमोर उभी राहिली. "माझ्या निकानोरचं अंगच तसं आहे! जन्मापासून!"

"जावयाला पाठीशी घालतेय ती!"

लोकांनी दगड उचलले. मी धुळीत पडलो होतो. सगळे मला ठाऊक होते, पण चाबकाला तोंड कुठे असते? हात बांधलेला निकानोर ओठ घट्ट मिटून उभा होता. एक शब्द बोलला तर नवस मोडणार होता, आणि न बोलला तर बहिणीचा नवरा जिवाला मुकणार होता. पहिला दगड सुटला. तो बुल्मारोच्या भुवईवर बसला.

"थांबा!" निकानोर ओरडला.

वर गेलेले हात खाली आले.

"कांदेलारियाकाकू, इकडे या. तुमच्या नखानं माझ्या छातीवर रेघ ओढा. हळू, पिठावर ओढतो तशी."

तिने एका हातात दगड धरून दुसऱ्या हाताने रेघ ओढली. काहीच झाले नाही.

"बघा, खोटं बोलतोय!" दगड धरलेले हात पुन्हा वर गेले.

"जरा दम धरा," निकानोर म्हणाला. ते क्षण मला माझ्या सगळ्या आयुष्याहून लांब वाटले. मग छातीवर एक गुलाबी रेघ दिसू लागली. ती लाल झाली, फुगली, दोरीसारखी उभी राहिली. कांदेलारियाने आपल्या नखाकडे पाहिले आणि हातातला दगड खाली टाकला.

"पोरा, मी तर नुसतं टेकवलं रे."

"दाजींनीही तेवढंच केलं."

मग तो लहान मुलासारखा रडला. "आई, माझा नवस मोडला गं."

"देवाला नवस ऐकू येतो, तसा दगडही ऐकू आलाच असेल," एर्लिंदा म्हणाली आणि ओल्या फडक्याने जावयाचे रक्त पुसू लागली.

नाटक माझ्यावाचून पुरे झाले. त्यानंतर मला कुणी भिजवले नाही. माझ्यावर धूळ बसते, त्याचे मला दुःख नाही. मित्रांनो, कुणाच्या अंगावर वळ दिसले तर आधी त्याला विचारा आणि त्याचे म्हणणे शेवटपर्यंत ऐका. ज्याचे अंग असे असेल, त्यानेही ते लाजून झाकू नये. निकानोरच्या पाठीवरचे वळ अर्ध्या तासात गेले. बुल्मारोच्या भुवईवरची खूण अजून आहे.