कोपरीच्या विहिरीचे पाणी

मित्रांनो, मी जुना झालो आहे, पण अजून रिकामा झालेलो नाही. माझे सगळे दुःख तेवढेच आहे.

मी फिरकीचा तांब्या. ज्याचे झाकण नुसते वर ठेवत नाहीत, आट्यांवर फिरवून घट्ट बसवतात, तो. प्रवासात पाणी सांडू नये म्हणून आमची जात जन्माला आली. कल्याणच्या दगडू तांबटाने मला ठोकून ठोकून घडवले आणि आटे असे बसवले की उलटा धरून हलवला तरी माझ्यातून थेंब येत नसे. "तोंडाचा पक्का आहे हा," असे तो गिऱ्हाइकांना सांगे. त्या कौतुकाने मी फुगून जात असे. याच पक्केपणाचा पुढे मला वीट येईल असे तेव्हा कोणी म्हटले असते, तर मी त्याला वेड्यात काढले असते.

मला विकत घेतले ठाण्याच्या कोपरीतल्या रंगूबाईंनी. त्यांचे यजमान लवकर वारले होते. थोरला प्रभाकर आणि धाकटा गुरुदत्त, या दोन मुलांवर त्यांनी दिवस काढले. गुरूच्या पत्रिकेत पाण्यापासून घात आहे, असे कोणी एका जोशाने त्यांना सांगून ठेवले होते. सांगणारा दक्षिणा घेऊन गेला आणि या बाईचा जीव मात्र कायमचा टांगणीला लागला. खडवलीला नदीवर सहल गेली की गल्लीतली सगळी पोरे भातसेत डुंबत, आणि गुरू काठावर बसलेला असे. त्याच्या सदऱ्याचे टोक आईच्या मुठीत. तो रडकुंडीला आला की रंगूबाई माझी फिरकी उघडत आणि घरच्या विहिरीचे पाणी त्याच्या डोक्यावर ओतत.

"हे घे तुझं पाणी," त्या म्हणत. "हे आपल्या घरचं. हे तुला काही करणार नाही."

मग तो हसे. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले चांगले दिवस कोणते असे विचाराल, तर ते हेच.

मुले मोठी झाली. प्रभाकर आफ्रिकेत मोंबासाला कारकुनीवर लागला आणि दोन वर्षांनी रजेवर आला तेव्हा गुरूलाही तिकडे नेण्याचे त्याच्या मनाने घेतले. रंगूबाई ऐकेनात. "अगं आई, बोट म्हणजे लोखंडाचा डोंगर असतो. पाण्याला हाताचं बोटसुद्धा लागत नाही," असे म्हणून प्रभाकरने त्यांची समजूत घातली. तो आधी परत गेला आणि गुरू चार महिन्यांनी एकटा निघाला. मला बरोबर घ्यायला तो लाजला. त्याने नवा थर्मास घेतला होता.

गुरू मोंबासाला पोहोचलाच नाही. बोटीवर त्याला ताप भरला आणि त्यातच तो गेला.

प्रभाकरने घरी कळवले ते असे. वाटेत सेशेल्स नावाचे बेट लागते, तिथे बोट काही तास थांबते. तिथे गुरूला उतरवले, बेटावरच्या गुजराती व्यापाऱ्यांनी लाकडे जमवली आणि माडांच्या सावलीत त्याला अग्नी दिला. बोट सुटत होती म्हणून अस्थी आणता आल्या नाहीत. रंगूबाई खूप रडल्या. मग डोळे पुसून देवापुढे हात जोडून म्हणाल्या, "पाण्यात नाही गेला. अग्नी मिळाला माझ्या पोराला." तेवढ्या एका गोष्टीवर त्या बाई पुन्हा उभ्या राहिल्या.

पण एक प्रश्न त्यांच्या मनातून जाईना. चितेची राख पाणी घालून निववतात, ती कोणी निववली का? बोट तर सुटली होती. मग तिथे थांबले कोण? भांडी घासताना, वाती वळताना त्या मध्येच थांबून म्हणत, "तापाने गेला आणि वर ती जागाही तशीच तापलेली राहिली असेल गं."

पुढे तीन वर्षांनी प्रभाकर आईला, बायको सुमेधाला आणि मुलगी सरोजला मोंबासाला घेऊन जायला आला. बोट त्याच बेटाशी थांबणार होती. सकाळी पोहोचायची आणि दुपारी सुटायची. रंगूबाईंनी त्या दिवसापासून दुसरा विषय काढला नाही. मोंबासात घर कसे आहे, हवा कशी आहे, काही विचारले नाही. बेटावरच्या त्या थोड्या वेळाचा बेत मात्र रोज होऊ लागला.

बेत व्हायचा माजघराच्या फरशीवर. प्रभाकर मला मधोमध ठेवी; मी म्हणजे बेट. सुपारी म्हणजे बोट. बोट धक्क्याला लागत नाही, लांब उभी राहते आणि होड्यांतून माणसे नेतात, हे तो तांदळाचे दाणे सरकवून दाखवी. सरोज आठ वर्षांची होती. तिला तिथली मोठाली कासवे बघायची होती, ज्यांच्या पाठीवर म्हणे मूल बसते. सुमेधाला तिथला जोडनारळ हवा होता.

"आधी पाणी," रंगूबाई म्हणाल्या. "मग तुमची कासवं न् नारळ. प्रभाकर, ती जागा कुठे आहे ते दाखव."

प्रभाकरने एक तुरीचा दाणा माझ्या डाव्या अंगाला ठेवला. आजी त्या दाण्याकडे किती तरी वेळ बघत राहिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा बेत झाला, पुन्हा त्यांनी जागा विचारली, आणि प्रभाकरने दाणा उजवीकडे ठेवला.

"बाबा, काल तुम्ही इकडे ठेवला होतात," सरोज म्हणाली.

"काल तांब्या फिरलेला होता," असे म्हणून त्याने सुपारी उचलली आणि बेत आवरता घेतला. मी कुठेही फिरलो नव्हतो, मित्रांनो.

त्याच आठवड्यात रंगूबाई कौपिनेश्वराला कीर्तनाला गेल्या असताना सुमेधाने नवऱ्याला सरळ विचारले. मी फळीवर होतो, म्हणून मला ते ऐकावे लागले.

"अहो, खरं सांगा. अशी जागा आहे का?"

प्रभाकर म्हणाला, "नाही. बेट यायला तीन दिवस होते. एवढे दिवस कोण ठेवून घेतं? कापडात गुंडाळून समुद्रात सोडला त्याला. त्याच्याबरोबर बोटीवर असलेल्या माणसाने मोंबासाच्या धक्क्यावर मला सांगितलं."

सुमेधाने विचारले, "आणि आता त्यांना काय दाखवणार?"

"एखादं माडाचं झाड दाखवीन. माडांना काय तोटा आहे तिथे? पाणी ओतेल, डोकं टेकेल, मोकळी होईल गं आई."

"सांगून टाका हो त्यांना."

"काय सांगू? जन्मभर ज्याला नदीत पाय घालू दिला नाहीस, त्याला मी समुद्रात घालवला, हे सांगू? मीच बोलावलं होतं त्याला."

तो वाईट माणूस नव्हता. आईला दुःख होऊ नये म्हणून तो खोटे बोलला होता, आणि आता त्या खोट्याला राहायला जागा शोधत होता.

निघायच्या दिवशी रंगूबाईंनी स्वतः विहिरीवरून पाणी शेंदले. मला चिंचेने लख्ख घासले, काठोकाठ भरले आणि फिरकी घट्ट आवळली. शेजारच्या हौसाबाई मदतीला पुढे आल्या, तर त्यांना हातसुद्धा लावू दिला नाही. पुढे बोटीवर मला त्यांनी कधी खाली ठेवले नाही. उलट्यांनी बेजार झाल्या तरी मी कुशीतच. एकदा सरोजला तहान लागली आणि तिने माझ्याकडे हात केला, तेव्हा लाडक्या नातीला त्यांनी पहिल्यांदा झिडकारले.

बेट दिसले त्या सकाळी त्या पांढरे लुगडे नेसून तयार होत्या. तीळ पदराच्या गाठीत बांधले होते. हिरवे डोंगर जवळ आले, नांगर पडला, होड्या निघालेल्या दिसल्या. आणि आमच्या बोटीवर साथीच्या रोगाचे पिवळे निशाण चढले. खालच्या डेकवरच्या एका मुलाच्या अंगावर फोड उठले होते. देवी असाव्यात असा डॉक्टरांना संशय होता. होड्या अर्ध्या वाटेवरून माघारी वळल्या. बोटीवरून कोणी उतरायचे नाही, असा हुकूम झाला.

प्रभाकरने अधिकाऱ्यांच्या नाकदुऱ्या काढल्या. मला वाटते, त्या वेळी तो मनापासून विनवत होता. पण हुकूम तो हुकूम. दुपार होत आली तेव्हा तो आईपाशी आला. रंगूबाई कठड्याला धरून उभ्या होत्या.

"आई, इथूनच ओत," तो म्हणाला. "समुद्रातच ओत. पोहोचेल त्याला."

मित्रांनो, इतक्या वर्षांत तो आईशी पहिल्यांदा खरे बोलला होता. फक्त ते खरे आहे, हे त्याने आईला सांगितले नाही.

"समुद्रात कशाला?" रंगूबाई म्हणाल्या. "याला काय पाण्याची वाण आहे? याने माझ्या गुरूला गिळलं नाही, हे याचे उपकार आहेत, ते मी मानते. पण हे पाणी गुरूचं आहे."

सुमेधाने नवऱ्याचा दंड धरला. "सांगा," ती एवढेच म्हणाली. प्रभाकरचे ओठ हलले. मी डोळे लावून, म्हणजे आम्हा भांड्यांना जे काही असते ते लावून, वाट पाहत होतो. खाली तोच समुद्र होता. फिरकीचे चार वेढे काढले असते की मायलेकरांची भेट झाली असती. मला बोलता येत नव्हते. ज्याला बोलता येत होते तो म्हणाला, "बरं. येताना उतरू मग."

नांगर उचलला गेला. बेट मागे पडून दिसेनासे झाले तरी आजी तिथेच उभी होती. सरोजला कासवांची आठवण झाली नाही. ती आजीचा पदर धरून रडत होती.

मोंबासाची हवा रंगूबाईंना मानवली नाही. दोन वर्षांत सगळे परत आले, पण ती बोट बेटाकडे गेलीच नाही, सरळ मुंबईला आली. मी जसा भरलेला गेलो तसा भरलेला कोपरीला आलो. माणसे तीर्थाहून पाणी आणतात. आमचे हेच पाणी विहिरीपासून आफ्रिकेपर्यंत जाऊन पुन्हा विहिरीपाशी आले. रंगूबाई मला उशाशी ठेवत. उन्हाळा सुरू झाला की माझ्या अंगावर हात ठेवून म्हणत, "तिकडे कसं होत असेल?"

शेवटच्या दुखण्यात त्यांनी प्रभाकरला जवळ बोलावले.

"तू जाऊन ओतशील ना रे? ती जागा तुलाच ठाऊक आहे."

"हो आई," प्रभाकर म्हणाला.

त्या गेल्या. त्यांच्या तोंडात गंगेचे पाणी घातले. मी उशाशी होतो, पण माझे झाकण उघडायला कोणी धजावले नाही.

आता आमचे बिऱ्हाड डोंबिवलीला आहे. माझी जागा माळ्यावर, मोडक्या पाळण्याशेजारी. माझ्या आट्यांवर हिरवा कळंक चढला आहे आणि फिरकी जागच्या जागी गच्च बसली आहे. परवा मोडवाला दारात आला तेव्हा सुमेधाबाईंनी अडगळ खाली काढली. त्याने मला हलवून पाहिले. "बाई, आत पाणी डुचमळतंय की," तो म्हणाला. प्रभाकर पलीकडे आरामखुर्चीत होता. त्याने तोंडापुढचा पेपर खाली घेतला नाही. सरोज आता कॉलेजात जाते. तिने मला मोडवाल्याच्या हातातून ओढून घेतले, फिरकीला जोर लावला, पदराने धरून पुन्हा लावला. ती हलली नाही.

मित्रांनो, इतर भांडी तुम्हाला विनवतील की आम्हाला घासा, पुसा, अडगळीत टाकू नका. मला ते काही नको. मला मोडीत घाला, माझी हरकत नाही. पण त्याआधी कोणीतरी मला खाडीवर न्या. दगडाने माझे तोंड फोडा आणि आतले पाणी ओहोटीच्या पाण्यात सोडा. ते जाईल समुद्राकडे, वाट त्याला ठाऊक असते.

आणि तुमच्या घरात कोणी असे दुःखात असेल, तर त्याला खरे काय ते सांगा. ते माणूस रडेल, तुम्हाला बोलेल, कदाचित तुमचे तोंडही बघणार नाही. पण आपली ओंजळ कुठे सोडायची, हे तरी त्याला कळेल. रंगूबाई ज्या कठड्याशी उभ्या होत्या, त्याच्या खालच्या समुद्रातच त्यांचा मुलगा होता, आणि त्या त्याचे पाणी छातीशी धरून परत आल्या.