वरवंटा जोजवणारा पाळणा

घाबरू नका, मी एक साधा सागाचा पाळणा आहे. तुम्ही मला सिनेमात पाहिलं असेल, तर एवढं ऐकूनच उठून जाऊ नका.

वडशाजवळच्या एका गावात गिरजाबाईंच्या आढ्याला मी टांगलेला. घरची लेकरं मोठी झाली की शेजारची यायची. ओल्या दुपट्याशिवाय मला कशाची भीती ठाऊक नव्हती.

मग त्र्याऐंशी साली सिनेमावाले आले. एका भयकादंबरीवर त्यांचा सिनेमा होता. कादंबरीतला झपाटलेला पाळणा चांदीच्या साखळ्यांचा. माझ्या कड्या लोखंडी, करकरणाऱ्या. दिग्दर्शक म्हणाला, करकर राहू द्या, तेल घालू नका. पुस्तकात पानंच्या पानं साचत गेलेली भीती मी एका झोक्यात दाखवायची होती. मला जमेल का, हीच काळजी.

"रिकामा पाळणा हालवाचा नाई, भाऊ," गिरजाबाई आडव्या आल्या. "लेकराले बाधते."

"पण बाई, सगळी भीती त्या रिकामेपणातच आहे."

"तुमची भीती तुम्ही पाहा. माही सून पोटुशी आहे."

शेवटी बारशाला ठेवतात तसा वरवंटा दुपट्यात गुंडाळून त्यांनी माझ्यात ठेवला. कॅमेऱ्याला तो दिसला नाही. कुणीतरी आडून बारीक दोरा ओढला, आणि त्या वजनानं मी असा जड, संथ झोका घेतला की दिग्दर्शकच दोन पावलं मागं सरला.

सून कांता माहेराहून तान्ह्या मुलीला घेऊन परतली, त्याच आठवड्यात सिनेमा वडशाच्या टॉकीजला लागला. शेजारची रंभा पाहून आली.

"आपल्या आपण हालते वं. मी डोळ्यानं पाह्यलं."

त्यानंतर माझ्याकडे कोणी लेकरू आणेना. कांता शिकलेली. भूतबित काही नसतं, असं ती मोठ्यानं सांगायची आणि मुलीला मांडीवरच झोपवायची. ती माझ्याकडे बघायची तेव्हा मी श्वास धरून राहायचो. वाऱ्यानं जरा हाललो तरी मलाच ओशाळवाणं व्हायचं. एवढे लोक म्हणतात, तर असेलही माझ्यात काहीतरी.

होता तो वरवंटा. मी रिकामा राहू नये म्हणून गिरजाबाईंनी तो काढलाच नव्हता. चटणी वाटायला रंभाकडचा मागून आणायच्या.

एका दुपारी कांताला बसल्या बसल्या डुलकी लागली. मुलगी मांडीवरून घसरली; गिरजाबाईंनी वरच्यावर धरली.

"इथी दगड इतके दिवस झोपून राह्यला," त्या मानेनं माझ्याकडे दाखवत म्हणाल्या. "त्याले काई झालं का?"

कांता हसली, मग रडली. तिनं कड्यांना तेल घातलं, वरवंटा बाहेर काढला आणि मुलीला माझ्यात ठेवलं.

मुलगी केव्हाच झोपलीय. कांतानं दोरी अजून सोडलेली नाही. सोडू नको, बाई. भुताचं मला काही ठाऊक नाही. पण हात सुटला की मलाच भीती वाटते.