ढोलकीवरच्या अक्षता

शाहीर सुबोधने सवाल टाकला आणि बोरिवलीचं नाट्यगृह खदखदून हसलं.

ऊन येताना खाली कुठे अडत नाही,
परत जाताना त्याला वाट का सापडत नाही?
एकच आभाळ आणि एकच दार,
सांगा मास्तरीणबाई, कोण पहारेदार?

शक्ती-तुऱ्याच्या सामन्यात एका पक्षाने गाण्यातून सवाल टाकायचा आणि दुसऱ्याने आपल्या बारीत गाण्यातूनच जवाब द्यायचा. सवाल बहुतेक पुराणातले असतात. सुबोध तुरेवाला, त्याने यंदा पुराण मुद्दाम बाजूला ठेवलं होतं. शक्तीवाल्यांची नवी शाहीर ऋतिका अंधेरीच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते, हे त्याला ठाऊक होतं. वर्गातले शब्द वापरले तर लोक जांभया देणार, जवाब राहिला तर तिच्या शिक्षणाची टर उडणार. दोन्हीकडून वाट लागलेली.

हशा ओसरायच्या आत दुसरा सवाल आला.

दोनशेक देश बसले, करार केला मोठा,
ना दंड, ना तुरुंग, मग खरा का तो खोटा?

विंगेत उभ्या ऋतिकाने फेटा घट्ट केला. तो तिच्या वडिलांचा होता. दत्ताराम गिरणीत होते तेव्हापासून जोगेश्वरीच्या या शक्तीवाल्या मंडळाचे शाहीर. घशाच्या ऑपरेशनमध्ये आवाज गेला, तेव्हापासून ते झांज धरून मागे उभे राहत. फेटा मुलीला द्यायचा म्हटल्यावर मंडळात रणकंदन झालं. शेवटी अध्यक्ष लवूकाकांनी तोडगा काढला: तिला एक बारी देऊ. जवाब राहिला, तर शाहिरी दत्तारामांच्या पुतण्याकडे, आकाशकडे.

"उत्तर येतंय ना गो?" ढोलकीवाल्या धाकूने विचारलं.

"येतंय रे. अवरक्त किरण, तरंगलांबी, रेणूंचं कंपन. पण हे गाऊ कसं?"

"मेलीस."

"थँक्यू हां."

दत्तारामांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. बोलता येत नव्हतं, तेव्हा त्यांनी नुसतं खाली बघितलं. तीही बघू लागली. धाकूची ढोलकी रुंद तोंड वर करून उभी ठेवली होती. सामन्याआधी वाद्यांची पूजा झाली होती, तेव्हाच्या अक्षता अजून चामड्यावर पडून होत्या. रंगमंचावर तुरेवाल्यांची ढोलकी घुमली आणि त्या टुणकन उडाल्या. मग त्यांच्या झांजा कडाडल्या, कान किटले; अक्षता जागच्या हलल्या नाहीत. पुन्हा ढोलकी, पुन्हा उडी.

"धाकू, तुझी आणि त्यांची ढोलकी एकाच पट्टीत आहे?"

"हाय ना. मघाशी दोघांनी मिळूनच लावली. का गो?"

ऋतिका हसली. सहा वर्षं ती फळ्यावर आलेख काढून हेच सांगत होती. सूर्याचा प्रकाश उंच सुराचा, तापलेल्या जमिनीची उष्णता खालच्या सुराची. कार्बन डायऑक्साइड वरच्याला दाद देत नाही आणि खालच्याला थरथरतो.

"ही ढोलकी अशीच उभी पुढे ने. एक दाणा सांडू नकोस. तू माझ्या बारीत त्याच पट्टीतली दुसरी वाजव."

रंगमंचावर आल्यावर तिने युट्यूबसाठी चित्रण करणाऱ्याला कॅमेरा ढोलकीवर लावायला सांगितलं. मागच्या मोठ्या पडद्यावर पिवळ्या अक्षता करवंदाएवढ्या दिसू लागल्या.

"आता काय तांदूळ निवडणार काय?" तुरेवाल्यांतून कोणीतरी ओरडलं.

"तुमच्यातले खडे निवडते," ऋतिका म्हणाली आणि तिने सूर धरला.

झांजेच्या सुरात ऊन आलं, वायू ढिम्म राहिला,
ढोलकीच्या सुरात धरती बोलली, वायू थरथरला;
थरथरून तो सूर चहूकडे फेकी,
थोडा जाई आभाळी, थोडा धरतीला शेकी!

पहिल्या ओळीला दत्तारामांनी झांज वाजवली, पडद्यावर सामसूम. दुसऱ्या ओळीला धाकूने थाप मारली आणि अक्षता नाचल्या. 

"हातचलाखी आहे!" पुन्हा तोच आवाज.

सुबोध उठला. त्याने आपल्या माणसाकडून झांज घेतली, दत्ताराम उभे होते तेवढ्याच अंतरावर थांबला आणि जीव खाऊन वाजवली. एक दाणा हलला नाही. मग तो आपल्या ढोलकीवाल्याला म्हणाला, "मार रे." त्याने थाप मारली. अक्षता अशा उसळल्या की दोन-चार खालीच पडल्या. सुबोधने पडद्याकडे पाहिलं, मग ऋतिकाकडे, आणि झांज काखेत मारून टाळ्या वाजवायला लागला. पाठोपाठ सगळं थिएटर सुटलं. शिट्ट्या थांबेनात.

"दुसरा राहिला हां," तो माईकवर म्हणाला. "करार खरा का खोटा?"

या जवाबाला ऋतिकाला थांबावं लागलं नाही. हा सुबोध दत्तारामांकडून तीनदा हरला होता. कोणी त्याला दंड केला नव्हता, कोणी बोलावलंही नव्हतं. तरी दर वेळी तो सगळ्यांदेखत आधी जाहीर करून, जास्त तयारीने परत आला होता. पॅरिसच्या हवामान करारातही तेच होतं: आपला आकडा आपणच सांगायचा, केलं किती ते उघड दाखवायचं आणि दर पाच वर्षांनी वरचढ आकडा घेऊन यायचं.

इथे पंच नाही, शाहीर, नाही इथे काठी,
तरी जवाब देते मी या हजार डोळ्यांसाठी;
हरला तरी तुरेवाला पुढच्या साली येतो,
मागच्याहून वरचढ कवन संगे घेतो!

"आणि कोण मधेच उठून गेला तर?" सुबोध ओरडला.

"तर त्याची खुर्ची रिकामी दिसते, शाहीर! सामना थांबत नाही!"

पहिल्या रांगेतल्या बायका उभ्या राहिल्या, मग मागच्या. आकाशनेच आधी हात वर करून "शक्तीवाले!" अशी आरोळी ठोकली. लवूकाकांनी माईक मागून घेतला. ते दोनदा खाकरले.

"मुलुंडच्या सामन्याची तारीख ठरलेली हाय," ते म्हणाले. "शक्तीवाल्यांतर्फे शाहीर... ऋतिका दत्ताराम."

दत्तारामांनी झांज अशी कडाडून वाजवली की लवूकाकांनी कान धरले.

"मुलुंडला याच्या दुप्पट अवघड सवाल आणतो," सुबोध जाता जाता म्हणाला.

"आणा. जाहीर केलंत," ऋतिका म्हणाली, "हजार माणसांनी ऐकलंय."