ग्रेडनची न हलणारी चौकट

ग्रेडन पाइक नव्या चौकटी बनवणार हे ऐकलं तेव्हाच मी कपाळाला हात लावला. डेन्व्हरची बँकेतली नोकरी सोडून हा माणूस आमच्या वायोमिंगात आला त्याला जेमतेम दोन वर्षं झाली होती, आणि तेवढ्यात साहेब नेमबाजी क्लबचे अध्यक्ष! का, तर बाकी कोणाला ते लिगाड गळ्यात नको होतं.

आमची चौकट म्हणजे जमिनीवर ठेवायच्या दोन फळ्या, त्यांना जोडणारी मधली आडवी, आणि तिच्या दोन टोकांना लाकडी खाचा. खाचांत दोन पातळ पट्ट्या नुसत्या उभ्या करायच्या आणि त्यांवर पुठ्ठ्याचं लक्ष्य टाचायचं. गोळी चुकून पट्टीला लागली तर पट्टी मोडते. मोडकी उपसायची, दुसरी खोचायची. एकवीस वर्षं मी अशा चौकटी ठोकत आले.

"हे काय कोंबड्यांचं खुराडं?" ग्रेडन म्हणाला. "वाऱ्यात डुगडुगतं, नेवाबाई."

"डुगडुगू दे की! पडलं तर उचलायचं. कंबर धरते का तुझी?"

"माझी बघा. पंधरा वर्षं जागची हलणार नाही."

बघितली. देवदाराचं लाकूड, तीन हात व्हार्निश, आतेबहिणीच्या लग्नात भेट द्यावी अशी चकाकी. आणि वर, उभ्या पट्ट्यांच्या कोपऱ्यांत, चांगले जाडजूड लोखंडी अँगल, बोल्टांनी आवळलेले!

"अरे शहाण्या, वर लोखंड?" मी म्हटलं. "दहा पावलांवरून पिस्तूल चालवतो आपण. लोखंडावर आपटलेल्या गोळीचे तुकडे मागे येतात."

"त्यावर पुठ्ठा येणार आहे हो. दिसणारसुद्धा नाही."

जशी काही गोळी आधी डोकावून बघते! मी बरंच बोलले, तेव्हा "काढतो बाई, काढतो" म्हणून त्याने माझी बोळवण केली.

आमच्या मैदानाची जमीन ऑर्लो टिबेट्सची. ऐंशीचा म्हातारा, गुरांचा धनी. भाडं एक छदाम घेत नाही, पण त्याची अट पहिल्या दिवसापासून एकच: इथे कोणाचं रक्त सांडलं की फाटकाला कुलूप, कायमचं. दुसरं मैदान नव्वद मैलांवर. आणि मी तर आठवडाभर घरात रेडिओशी बोलते. माणसांशी बोलायचा वार रविवार, तोही इथेच. हे मैदान गेलं की माझं सगळंच गेलं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

जूनमधल्या रविवारी स्पर्धा होती. सकाळी लक्ष्यं टाचायला गेले, तर अँगल जागच्या जागी. पठ्ठ्याने त्यांना लाकडासारखा तपकिरी रंग फासला होता!

आमच्याकडे एक रीत आहे. मैदानावर कोणीही, अगदी पाहुणासुद्धा, "थांबा!" म्हणून ओरडला की सगळे पिस्तूल खाली ठेवतात. कोण ओरडलं, का ओरडलं, कोणी विचारत नाही. मागच्या वर्षी एका बाईने कासवासाठी आम्हाला थांबवलं होतं.

तो शब्द माझ्या जिभेवर होता. पण ग्रेडन छाती काढून पहिल्या रांगेत उभा राहिला, आणि मला वाटलं, लागू दे एक गोळी बोल्टाला. वाकू दे अँगल, उडू दे व्हार्निश. चारचौघांत जिरू दे याची. मी चष्मा नीट केला, हाताची घडी घातली आणि मजा बघत उभी राहिले.

त्याच्या चौथ्या गोळीला ठण्ण आवाज झाला. मागे खुर्चीत कॉफी पीत बसलेल्या ऑर्लोने कान धरला. बोटांमधून रक्त गळायला लागलं.

मी रुमाल घेऊन धावले. जखम नखाएवढीच होती, पण म्हातारा उठला, चौकटीपाशी गेला आणि रंग उडालेल्या लोखंडावर बोट फिरवत राहिला.

"नेवा, तुझ्यासारखीला हे दिसलं नाही?"

"दिसलं होतं," मी म्हटलं.

आम्ही सगळे बाहेर पडेपर्यंत तो फाटकाशी उभा राहिला आणि मग त्याने कुलूप लावलं.

ग्रेडनचा चेहरा पांढराफटक पडला होता. "नेवाबाई," तो हळूच म्हणाला, "दिसलं होतं, तर ओरडला का नाहीत?"

दोन वर्षांत त्या दीडशहाण्याने विचारलेला हा पहिला शहाणा प्रश्न. उत्तर माझ्याकडे होतं, पण ते त्याला सांगायची मला लाज वाटली.