सिस्टरने विचारलं तेव्हा

सुताराने उभ्या आयुष्यात दारूचा थेंब तोंडात घेतला नव्हता. कधीतरी रक्तातून शिरलेल्या काविळीने त्याचं लिव्हर वाळवीसारखं आतून पोखरलं होतं. पण फुगलेलं पोट आणि पिवळे डोळे दिसले की लोक समजायचं ते समजत. "प्यायलो असतो तर निदान मजा तरी केली असती," तो वॉर्डात म्हणायचा, आणि आजूबाजूच्या खाटांवरचे खरे पिणारे पोट धरून हसायचे. बायकोला मात्र हसू येत नसे.

वर्षातली ही तिसरी भरती. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटून रक्ताची उलटी झाली होती. डॉक्टरांनी घशातून नळी घालून त्या शिरांना रबरी कड्या लावल्या. पाच दिवसांत चेहऱ्यावर जरा तरतरी आली.

"उद्या सोडू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण शी डांबरासारखी काळी झाली तर लगेच सांगायचं. म्हणजे आत पुन्हा रक्त वाहतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोने त्याला धरून संडासात नेलं. काळी, चिकट शी, आणि मागच्या खेपेसारखाच तो वास.

"सिस्टरना बोलावते."

त्याने तिचं मनगट धरलं. दिवसभर रंधा ओढणारा तो हात आता नुसती काडी झाला होता. "नको गं. सांगितलंस की पुन्हा नळी, पुन्हा आठ दिवस. एकदा तरी मला माझ्या अंथरुणावर झोपू दे."

"अहो, पण काळी—"

"लोहाच्या गोळ्यांनीही होते काळी."

त्या गोळ्या शेजारच्या खाटेवरच्याला होत्या, त्याला नव्हत्या. दोघांनाही ते ठाऊक होतं. सव्वीस वर्षांच्या संसारात त्याने तिच्याकडे कधी हट्ट म्हणून केला नव्हता. तिने साखळी ओढून पाणी सोडलं.

सिस्टर कागद घेऊन आल्या. "शीचा रंग?"

"पिवळा. सोन्यासारखा," तो म्हणाला.

सिस्टरने तिच्याकडे पाहिलं. "हो ना, मावशी?"

"हो."

अकराच्या सुमाराला त्याने घरी जायचा सदरा मागितला. एक हात बाहीत गेला, उचकी लागली, आणि तोंडातून रक्ताची चूळ बाहेर पडली. मग भडाभडा. पडदे ओढले गेले, माणसं धावली. वरून रक्त चढवत होते आणि खालून ते वाहून जात होतं. दोन वाजता सगळं संपलं.

"सकाळपर्यंत ठीक होते ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "कागदावर तसंच लिहिलंय."

तिने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, तिचं तिलाही कळलं नाही.

धाकटा दीर धावतपळत आला. तिच्या शेजारी बाकावर बसून, खांद्यावर हात ठेवून रडला. "वहिनी, तुम्ही होतात म्हणून दादा इतके दिवस राहिला. तुमच्यासारखं कुणी केलं नसतं."

हे मात्र तिला सोसवेना. तिने त्याला सगळं सांगितलं. काळी शी, पाणी, तो एक 'हो'.

दिराचा हात खांद्यावरून हळूच निघाला. तो उठला.

"हे कुणाजवळ बोलू नका," एवढंच म्हणाला आणि गाडी बघायला गेला.

त्याने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.