बारावं बटण

बाबांचं डोकं ठिकाणावरच होतं. नव्हतं ते माझं. हे आधीच सांगून टाकते. आमचा जीव दहा दिवस टांगणीला लागला होता, वाचणाऱ्याचा कशाला लावू?

बाबांचं नाव हिरामण. उरणच्या बंदरातून तीस वर्षं त्यांनी कंटेनरचा ट्रेलर चालवला. गेल्या दिवाळीनंतर झटका आला, उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. समोरच्याचं बोलणं समजतं, पण स्वतः बोलायला गेलं की तोंडातून नुसता 'आ' निघतो. आता अक्षरंही वाचता येत नाहीत. पनवेलच्या सुचिता मॅडम अशा पेशंटना पुन्हा बोलतं करतात. त्या म्हणाल्या, "चित्र दाखवून मागायची सवय लावा. आणि त्यांच्या वतीनं दुसऱ्या कुणी बोट ठेवायचं नाही हं."

मी अमिषा, बाबांची धाकटी. वाशीला एका कंपनीत प्रोग्राम लिहिते आणि आठवडाभर तिथंच राहते. घरात प्रोग्राम लिहिणारी पोरगी असताना बाप पुठ्ठ्यावरच्या चित्रांवर बोट ठेवणार? माझ्या नाकाला मिरच्याच झोंबल्या. जुन्या लॅपटॉपवर मी पायथन या संगणकाच्या भाषेत एक छोटा प्रोग्राम बसवला. पडद्यावर पाच मोठी बटणं आणि प्रत्येकावर फोटो: पाण्याचा पेला, चहाचा कप, पंखा, संडासाचं दार, आणि दुखतंय म्हणून कपाळाला हात लावून बसलेला माझा भाऊ हितेशदादा. बटण दाबलं की दादाच्या आवाजात वाक्य ऐकू यायचं. दादाचा आवाज अगदी बाबांसारखा आहे. बाबांचा डावा हात शाबूत होता आणि तीस वर्षं गिअरवर बसलेला तो हात माऊसवरही तसाच बसला. लॅपटॉप पहिल्यांदा "पानी दे" म्हणाला तेव्हा आई पाणी आणायचंच विसरली आणि पदरानं डोळे पुसत बसली.

तीन आठवडे छान गेले. मग घरात ज्याच्या त्याच्या मागण्या सुरू झाल्या. प्राप्तीवहिनीला टीव्हीचं बटण हवं होतं, बाबांचा ट्रेलर आता दादा चालवतो, त्याला बाबांसाठी 'गाडी कुठं पोचली' हे विचारायचं बटण हवं होतं, मला 'अमिषाला फोन लाव' हवं होतं. अशी अकरा झाली. बारावं मी स्वतःच्या हौसेनं घातलं. त्यावर आईचा फोटो आणि वाक्य: "गोदू, इकडं ये."

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. बाबांनी लग्नाला पस्तीस वर्षं झाली तरी आईला नावानं हाक मारलेली नाही. आधी नुसतं "ए", मग "हितेशची आय". आमच्याकडं त्या वयाची सगळी जोडपी अशीच. पण घरात दोन बायका, "ए" म्हटल्यावर नेमकं कुणी यायचं? म्हणून मी नाव घातलं. दादा आईचं नाव घ्यायला लाजला, तीनदा हसला, चौथ्यांदा एकदाचं नीट बोलला. मी सगळा प्रोग्राम नव्यानं लिहिला होता, बस सुटायची वेळ झाली होती. घाईघाईत शेवटचं बटण दाबून बघितलं. "गोदू, इकडं ये." बरोबर वाजलं. आई तोंडाला पदर लावून आत पळाली, सगळे खिदळले, आणि निघताना मी सगळ्यांना दम दिला, "मॅडमनी काय सांगितलंय? बाबांशिवाय कोनी हात लावायचा न्हाय."

सोमवारी दुपारीच दादाचा फोन. "अमिषा, बाबांचा कायतरी बिघडलाय. पानी पायजे का विचारला तर आयचा बटन दाबतान. चहा विचारला तरी आयचाच."

"प्रोग्राम बरोबर हाय. मी चेक केलाय," मी म्हणाले. काय तो माझा रुबाब!

मंगळवारी आई फोनवर आली. रडत होती. "सकालपासून पंधरा येला बोलावला मना. काय पायजे विचारला, का परत तोच. आनि मंग काय केला, म्हायत हाय? एका जागी बसून दाब दाब दाबला, थांबायचा नाव न्हाय. सगला गोदू, गोदू, गोदू. अगो, यांनी कवा माझा नाव घेतला न्हाय. यांचा डोका गेला."

सुचिता मॅडमना विचारलं, त्या म्हणाल्या की दुसरा झटका येऊन गेला असेल, स्कॅन करून घ्या. पुढच्या गुरुवारची वेळ मिळाली. मधल्या दिवसांत घर हळूहळू बदललं, हे मला फोनवरूनही जाणवत होतं. आधी "बाबांना विचारते" म्हणणारी प्राप्तीवहिनी आता "बाबांना देऊन टाकला" म्हणायला लागली. घड्याळ बघून पाणी, घड्याळ बघून जेवण. नवव्या दिवशी दादानं लॅपटॉप मिटून कपाटावर ठेवला. ज्याला काही कळत नाही त्याला विचारायचं कशाला, असं कुणी तोंडानं म्हणालं नाही, इतकंच.

स्कॅनच्या आदल्या दिवशी, बुधवारी, मी रजा टाकून दुपारी घरी पोचले. बाबा भिंतीकडं तोंड करून पडले होते. भाताचं ताट स्टुलावर तसंच होतं.

"बाबा."

ते वळले. माझ्याकडं बघितलं आणि डाव्या हाताचं बोट सरळ कपाटावर रोखलं. मी लॅपटॉप काढला, सुरू केला आणि त्यांच्या उशाशी उभी राहिले. बाबांनी माऊस धरला. पडद्यावरचा बाण सावकाश सरकत पाण्याच्या पेल्यावर गेला आणि तिथंच थांबला. त्यांनी दाबलं.

"गोदू, इकडं ये."

आई ओल्या हातानं धावत आली. "परत सुरू झाला?"

मी पडद्याकडंच बघत होते. बाण अजून पेल्यावर होता.

बाबांनी तो पंख्यावर नेला. "गोदू, इकडं ये." टीव्हीवर नेला. "गोदू, इकडं ये." मग त्यांनी माऊस सोडला, तोच हात हवेत धरला, मूठ वळली आणि पुढं रेटली, मागं ओढली, परत पुढं रेटली. आणि नाही म्हणून मान हलवली. ड्रायव्हरच्या पोरीला ही खूण शिकवावी लागत नाही.

"गाडी गिअर घेत न्हाय?" मी विचारलं.

बाबांनी एवढ्या जोरात होकार दिला की उशी खाली पडली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, माझ्याही आलं, आणि मी चक्क हसत सुटले. आईला वाटलं, आता हिचंही डोकं गेलं.

"आये, बाबा बरे हायत! बाबा एकदम बरे हायत! माझाच प्रोग्राम चुकलाय!"

चूक अशी होती. बटण दाबल्यावर काय करायचं, ते प्रत्येक बटणाला आधीच सांगून ठेवावं लागतं. आमच्या धंद्यात त्याला कॉलबॅक म्हणतात. आधीच्या पाच बटणांना मी एकेक करून सांगितलं होतं. बारा झाली तेव्हा कंटाळा केला आणि एकाच दमात सगळ्यांना सांगितलं: समजा, एका पाटीवर वाक्य लिहायचं, बटणाला म्हणायचं 'दाबल्यावर पाटीवरचं वाच', मग पाटी पुसून पुढचं वाक्य. बारा बटणं आणि पाटी एकच. बटण पाटी वाचतं ते दाबल्यावर, सांगितलं तेव्हा नाही. शेवटी पाटीवर आईचं वाक्य उरलं, म्हणून पेला दाबा, पंखा दाबा, सगळीकडून आईलाच हाक. बरोबर वाजणारं बटण एकच, बारावं. आणि मी शहाणीनं तपासलं तेही नेमकं तेवढंच. नवशिक्याला पहिल्या महिन्यात सांगतात, या चुकीपासून जप. मी तर दुसऱ्यांना सांगते.

"आये, त्या दिवशी बाबा दाब दाब दाबत होते, ते कसे? एकच बटन का वेगवेगली?"

आई आठवू लागली. "वरच्यापासून खालपर्यंत. एकेक करून. मंग परत वरून."

म्हणजे बाबांनी बाराही बटणं ओळीनं तपासली होती, तीही दोनदा. गाडी बिघडली तर ड्रायव्हर जे करतो, तेच. जे काम माझं होतं ते त्यांनी अर्ध्या अंगानं केलं, आणि त्यालाच आम्ही वेड म्हणालो. मी त्यांचे पाय धरले. त्यांनी डाव्या हातानं माझ्या डोक्यात एक टपली मारली. तिच्यात जोर चांगला होता, आणि खरं सांगते, मला हलकं वाटलं ते तेव्हाच.

दुरुस्ती एका ओळीची. प्रत्येक बटणाला त्याचं वाक्य त्याच्याजवळच ठेवायला दिलं. बाराच्या बारा बटणं दाबून बघितली, मग दादाला फोन लावून सांगितलं. तो म्हणाला, "मी कपाटावर ठेवला गो तो." फोन स्पीकरवर होता. बाबांनी गाडीचं बटण दाबलं. "गाडी कुठं पोचली?" दादा फोनवर हुंदके देत म्हणाला, "करंजाडे, बाबा. करंजाडे सोडला आता."

मग बाबांनी पाणी मागितलं, पाणी आलं. चहा मागितला, चहा आला. पंखा उगाच लावून बंद करायला लावला. वहिनी हसत हसत पळत होती.

आई मात्र दाराशीच उभी होती. मी हळूच म्हटलं, "आये, तुझ्या बटनाचा नाव काढून टाकू? हितेशची आय असा घालू?"

ती काही बोलायच्या आत बाबांचा हात हलला. बाण सगळी बटणं ओलांडून खाली आला आणि आईच्या फोटोवर थांबला.

"गोदू, इकडं ये."

आई जागची हलली नाही. दहा दिवस ती त्या हाकेला धावली होती आणि दर वेळी हाक दुसऱ्याच कशाची तरी निघाली होती. तिनं माझ्याकडं बघितलं.

"अमिषा, आता बरोबर हाय ना गो मशीन? नक्की?"

"बाराही तपासली, आये. नक्की."

तिनं पदराला हात पुसले आणि बाबांच्या शेजारी जाऊन बसली.